भूकंप आणि घर (भाग ५) : पायाखालची वाळू सरकते तेव्हा

मागच्या भागात भूकंपाने फुटणाऱ्या भिंती आणि कोसळणारे स्लॅब पाहिले. पण इमारत न फुटताही घर हातचे जाऊ शकते.

१६ जून १९६४ रोजी जपानच्या निगाता शहराला ७.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. शिनानो नदीकाठच्या कावागिशी-चो वसाहतीतल्या चार मजली काँक्रीटच्या इमारती एकेका बाजूला कलल्या; एक तर जवळजवळ आडवीच झाली. सांगाडा मात्र शाबूत होता. बांधकाम पक्के होते, दगा दिला तो खालच्या जमिनीने.

ही जमीन म्हणजे पाण्याने भरलेली सुटी वाळू. एरवी वाळूचे कण एकमेकांना टेकून वरचा भार पेलतात. डबा आपटला की आतले धान्य खाली बसते, तसे हादऱ्याने हे कणही दाटीने बसू पाहतात. पण मधल्या फटींत पाणी असते आणि काही सेकंदांत त्याला बाहेर पडायला वाव मिळत नाही. पाण्याचा दाब वाढत जातो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन दाट द्रवासारखी वागू लागते. यालाच मातीचे द्रवीभवन म्हणतात. जड इमारती खचतात किंवा कलतात. जमिनीखालच्या पोकळ टाक्या आणि मॅनहोल वर उचलले जातात. कोंडलेले पाणी वाळूसकट भेगांतून उसळते.

भारतानेही हे भोगले आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपात सीतामढी, मधुबनीपासून पूर्णियापर्यंतच्या पट्ट्यात घरे कलली, जमिनीत रुतली. उसळलेल्या वाळूने शेते झाकली, विहिरी बुजवल्या.

महाराष्ट्रात सगळीकडे हा धोका नाही. १९९३ साली किल्लारीत जीव घेतले ते दगडमातीच्या जड भिंतींनी. पण नदी-खाडीकाठची वाळू आणि भराव घालून तयार केलेली जमीन तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

तपासणी अवघड नाही. बोअर घेऊन त्यात नळी उतरवतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून तिच्यावर पुन्हा पुन्हा पाडतात आणि ती ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके कमी लागले, तर वाळू सैल. मग ती यंत्राने दाबून घट्ट करता येते, किंवा पाइल खालच्या पक्क्या थरापर्यंत नेता येतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपात टोकियोजवळच्या उरायासूमध्ये समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवरची असंख्य घरे कलली. जिथे आधीच जमीन घट्ट केली होती, तिथे नुकसान फारच कमी झाले.

म्हणून नदी-खाडीकाठी किंवा भरावावर घर घेणाऱ्याने सॅम्पल फ्लॅट पाहण्याआधी माती परीक्षणाचा अहवाल मागावा आणि पाया त्यानुसारच घातला आहे ना, याची जाणकार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खात्री करून घ्यावी.