जंजिऱ्याचा दरबार आणि मराठी लेखणी

राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलं की नावाडी सुरू होतो: अजिंक्य किल्ला, कलालबांगडी तोफ, आफ्रिकेतून आलेले सिद्दी. हे सगळं खरं आहे. पण तेवढंच ऐकून परतणारा माणूस काही भलत्या समजुतीही सोबत नेतो.

‘जंजिरा म्हणजे पाण्यातला किल्ला’ ही त्यातली एक. किल्ला ही राजधानी होती. त्यामागे म्हसळा, श्रीवर्धनचा मुलूख होता आणि हे संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं. गादीही सरळ बापाकडून मुलाकडे जाईच असं नाही. जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान शिवाजी महाराजांना किल्ला द्यायला निघाला, तेव्हा त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केलं आणि आदिलशाही सोडून मोगलांची चाकरी धरली.

खरा पक्का गैरसमज पुढचा आहे: सिद्दीच्या दरबारात मराठी माणसाचं काय काम? मुलूख आला की वसूल आला, वसूल आला की दप्तर आलं, आणि कोकणात दप्तर सांभाळणार कोण? चिटणीस घराण्याच्या परंपरेनुसार आवजी हरी चित्रे हे जंजिऱ्याचे दिवाण. सिद्दीची मर्जी फिरली. आवजींना ठार मारलं आणि बायकोमुलांना गुलाम म्हणून विकायला धाडलं. राजापूरला मामांनी पैसे मोजून त्यांना सोडवलं. त्यातलाच एक मुलगा पुढे शिवाजी महाराजांचा चिटणीस झाला, तो बाळाजी आवजी. कोऱ्या कागदावरून पत्र वाचून दाखवल्याची गोष्ट ज्यांची सांगतात, तेच हे. (ती दंतकथा असेलही, पण कारकुनाला याहून मोठी शाबासकी कुठली!)

‘पेशवे पुण्याचे’ हेही असंच अर्धवट. पेशव्यांचं भट घराणं श्रीवर्धनचं; सिद्दीच्या मुलखातली देशमुखी त्यांच्याकडे. सिद्दीचे वैरी, मराठ्यांचे आरमारप्रमुख आंग्रे यांच्याशी आतून संधान असल्याचा संशय आला आणि या घराण्यातल्या बाळाजी विश्वनाथांना गाव सोडावं लागलं. वेळासचे भानू सोबतीला होते. नाना फडणवीस याच भानूंच्या घराण्यातले. १७१३ मध्ये पेशवाई मिळाल्यावर बाळाजीपंतांची पहिली मोठी कामगिरी लढाईची नव्हती, वकिलाची होती: त्याच कान्होजी आंग्र्यांना समजावून छत्रपती शाहूंच्या बाजूला आणायचं. ते जमलं. १७१९ मध्ये ते दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि शाहूंच्या मातोश्री येसूबाईही मोगलांच्या कैदेतून सुटल्या.