फाउंडेशनचं रबर आणि पीयूचा मोह

बॉनेटखाली : भाग ९

गॅरेजमध्ये इंजिन माउंटिंगला माउंटिंग म्हणणारा माणूस विरळाच. ‘फाउंडेशन गेलंय,’ एवढंच मेस्त्री सांगतात. आमच्या कोल्हापुरात या शब्दाला जरा वजन आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने इथे ऑइल इंजिनं घडवली. नदीकाठच्या इंजिनघरात ती काँक्रीटच्या चौथऱ्यावर बोल्टने आवळून बसवायची. ते खरं फाउंडेशन, तसूभर हलता कामा नये. गाडीतल्या फाउंडेशनचं काम मात्र नेमकं उलटं. त्याने इंजिनाला हलू द्यायचं, पण बेतानं.

दिसायला वस्तू क्षुल्लक. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट, त्यात घट्ट चिकटवलेला रबराचा गोळा, मधून जाणारा बोल्ट. 1931 साली क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन रबरावर बसवलं आणि ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने त्याची मोठी जाहिरात केली. जुनी बुलेट त्या वाटेला गेली नाही. तिचं इंजिन थेट चॅसीलाच आवळलेलं, म्हणून तर लांबच्या प्रवासात हाताला मुंग्या येतात. बुलेटवाल्यांना त्याचंच कौतुक, ही गोष्ट निराळी.

गेल्या वर्षी माझ्या तीन सिलिंडरच्या गाडीचं रबर फाटलं. क्लच सोडला की खालून ‘धप्’ असा आवाज आणि आयडलला डॅशबोर्डची थरथर. मेस्त्रींनी मला बाजूला उभं केलं, हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून धरला आणि पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये, क्लच अर्धा सोडून दाखवला. इंजिन अंथरुणातून कूस बदलावी तसं उचललं जात होतं. (हे पाहताना गाडीच्या समोर उभं राहू नका.) ‘काका, पीयूचे बुश टाकू या. परत बघायला नको,’ ते म्हणाले. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. रबराहून कडक, तेलाला दाद न देणारं, लेथवर हव्या त्या मापाचं काढता येणारं. मलाही मोह झाला. तिन्ही जागी पीयू बसलं.

गिअर खटकन पडू लागला, धपका गेला. पण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो तर आरशात मागच्या एका रिक्षाच्या दोन दिसायला लागल्या. मागच्या सीटवरून आई म्हणाली, ‘गिरणीवर बसल्यागत वाटतंय रे.’

आईचं निरीक्षण गणितात मांडता येतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 20 ठोके पडतात. चार सिलिंडरचं असेल तर साधारण 27. रबरावर बसलेल्या इंजिनालाही झोपाळ्यासारखी स्वतःची एक लय असते. ठोके त्या लयीच्या 1.4 पटीहून जलद पडले तरच रबर ते गिळतं. समजा ही लय सेकंदाला 10 आहे. बुश दुप्पट कडक केले की ती 14 वर जाते, म्हणजे गिळण्याची मर्यादा तिथेच संपली. चौपट कडक केले की लय 20. आता ठोका आणि झोका एकाच वेळी! झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिल्यावर जे होतं, तेच सीटखाली होतं. तीन सिलिंडरच्या गाडीला कडक बुश जास्त छळतात ते यामुळे.

मग कडक बुशाला अर्थच नाही का? आहे, पण एका जागी. आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खाली एक टॉर्क रॉड असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात असल्याने चाकांना मिळणारा सगळा पीळ उलट दिशेने या गठ्ठ्याला बसतो. इंजिनाचा टॉर्क 90 न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर 14 धरा, पीळ 1260 न्यूटन-मीटर होतो. तो अर्ध्या मीटरवर धरायचा तर सुमारे अडीचशे किलोचा जोर लागतो. इंजिनाचं वजन मुख्यतः वरची फाउंडेशन पेलतात, खालच्या रॉडने फक्त ही उलटी कूस अडवायची. त्यामुळे तिथला बुश थोडा कडक केला तर फायदा पुष्कळ आणि थरथर त्या मानाने कमी.

तीन आठवड्यांनी मी वरची दोन्ही फाउंडेशन कंपनीच्या रबराची घातली, खालचा रॉड पीयूचा ठेवला. खर्च दोनदा झाला, दोष माझ्या हौसेचा. गो-कार्टचं इंजिन क्लॅम्पने थेट चॅसीवर आवळतात, मध्ये रबर नाही आणि कुणी तक्रारही करत नाही. पण कार्टमधून आईला अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचं नसतं.

रबर बदलताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. ऑइल चेंबरखाली जॅक लावायचा तर मध्ये लाकडी फळी हवी. आणि बोल्ट शेवटचा आवळायचा तो इंजिनाचं वजन फाउंडेशनवर बसल्यावरच. अधांतरी आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पीयू घातलंच तर सिलिकॉन ग्रीस लावून घाला, नाहीतर ते कुरकुरतं. सायलेन्सरच्या पाइपाजवळ, जिथे उष्णता जास्त, तिथे साधं पीयू नकोच.

आणि रबर फाटलं कशाने, तेही पाहा. माझ्या गाडीत टॅपेट कव्हरचं ऑइल झिरपून थेट फाउंडेशनवर उतरत होतं. तेल प्यालेलं रबर फुगतं, मऊ पडतं. गळती तशीच ठेवून नवं रबर घातलं तर तेही त्याच वाटेने जाणार. पुढच्या आठवड्यात क्लचप्लेटकडे वळू. तोवर एकदा बॉनेट उघडून फाउंडेशनवर ऑइलचा ओघळ आहे का, एवढं बघून ठेवा.