आपल्या रानात ट्रॅक्टरचा अपघात झाला, तर दोष कोणाचा?



"रान माझं, ट्रॅक्टर माझा, मग पोलीस नि कोर्ट कशाला?" असे बोलणारे पुष्कळ भेटतात. ही समजूत चुकीची आहे. खळ्यावर, गोठ्यापुढे, उसाच्या फडात किंवा विहिरीच्या वाटेवर ट्रॅक्टर मागे घेताना माणूस सापडतो. गावातली चार माणसे बसून तोंडी मिटवामिटवी करतात. पुढे दवाखान्याचा खर्च वाढत जातो, बोलणारे बाजूला होतात, आणि जखमीच्या हाती एकही कागद उरत नाही. म्हणून दोष कसा ठरतो, हे आधीच समजून घेतलेले बरे.

दोष सातबाऱ्यावर ठरत नाही

जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर दोष ठरत नाही. कोणी काळजी घ्यायला हवी होती आणि कोणी घेतली नाही, हे पाहिले जाते. यालाच निष्काळजीपणा म्हणतात.

समजा, खळ्यावर सोयाबीनची पोती भरण्याचे काम चालू आहे. ड्रायव्हरने मागे न पाहता, आवाज न देता ट्रॉली मागे घेतली आणि पोती शिवणारी बाई चाकाखाली सापडली. येथे दोष ड्रायव्हरचा. ड्रायव्हर मालकाच्या कामावर आहे, म्हणून भरपाईची जबाबदारी मालकावरही येते.

आता समजा, ड्रायव्हरने हाक मारली, बाजूला व्हायला सांगितले, तरी ती बाई चालू ट्रॉलीमागे सावलीला बसून राहिली. मग थोडा दोष तिच्याकडेही जाईल. भरपाई ४ लाख ठरली आणि तिचा दोष चौथा हिस्सा धरला, तर ३ लाख मिळतील. लहान लेकराच्या बाबतीत मात्र असा वाटा सहसा धरत नाहीत. लेकराला समज नसते, समज चालवणाऱ्याला हवी.

बांधाच्या अरुंद वाटेवर दोन वाहने धडकली, तर कोणते उभे होते, कोणते मागे येत होते, वेग किती होता, ब्रेक आणि दिवे ठीक होते का, हे तपासतात. "तो माझ्या रानात न विचारता आला," एवढ्याने आपली जबाबदारी सुटत नाही.

कायदा बांधावर थांबत नाही

भरधाव वाहन चालवण्याचे कलम सार्वजनिक रस्त्यापुरते आहे. पण निष्काळजीपणाने माणूस दगावला, तर तो गुन्हा रानातही गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे, कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. त्याहून जास्त हवे असेल, तर दोष दाखवावा लागतो.

विम्याची मेख

सक्तीचा विमा हा सार्वजनिक जागेतल्या अपघातासाठी असतो. त्यामुळे "जागा खाजगी आहे" असे विमा कंपनी म्हणू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण खंडपीठाने १९८० च्या दशकात या शब्दाचा अर्थ व्यापक केला. जेथे लोक परवानगीने का होईना ये-जा करतात, ती खाजगी जागाही सार्वजनिक धरता येते. व्यापारी, हमाल, मजूर येतात ते खळे त्यात बसू शकते. कुंपण घातलेल्या, कोणाचेच येणे-जाणे नसलेल्या जागेत मात्र वाद होतो. विमा सुटला, तर सारी रक्कम मालकाच्या अंगावर पडते. त्यासाठी जमीन विकायची पाळी येऊ शकते.

दुसरी मेख म्हणजे मडगार्डवर बसलेला माणूस. ट्रॅक्टरवर आसन एकच, तेही ड्रायव्हरचे. मडगार्डवरून पडलेल्याची भरपाई द्यायला कंपनी हरकत घेते. शेतीकामाचा विमा काढून ट्रॅक्टर दुसऱ्याच भाड्याच्या कामावर लावला, तरी हीच अडचण. म्हणून पॉलिसी घरी कोणाकडून तरी पुरती वाचून घ्या.

अपघात झाला तर काय कराल?

१) आधी जखमीला दवाखान्यात न्या. १०८ वर फोन करा. तेथील कागद जपून ठेवा.
२) लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवा. पंचनामा आणि फिर्यादीची नक्कल घ्या.
३) माणूस काढायला गरज नसेल, तर ट्रॅक्टर हलवू नका. हलवावाच लागला, तर आधी चाकांच्या खुणा आणि ट्रॉलीची दिशा यांचे फोटो घ्या. दोष ठरवताना या खुणाच बोलतात. नांगर फिरला की त्या गेल्या.
४) समोर कोण कोण होते, त्यांची नावे लिहून ठेवा.
५) विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या.
६) कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा देऊ नका.
७) भरपाईचा अर्ज ६ महिन्यांच्या आत करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे मोफत मदत मिळते.

अपघातच टळावा म्हणून

खळ्यावर ट्रॅक्टर मागे घेताना एक माणूस बाजूला उभा करा, ड्रायव्हरला दिसेल असा. त्याने हात केल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. मळणीच्या दिवशी लेकरे ट्रॉलीपासून लांब ठेवा. लायसन नसलेल्याच्या हाती चावी देऊ नका.

बैल पायाखाली माणूस आला की बिचकून थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही, त्याला थांबवावे लागते. ते काम चालवणाऱ्याचे, आणि ज्याने चावी दिली त्याचेही.