लाकडी खेळणी : हुन्नर आहे, ओळखपत्र हवे

लाकडी खेळणे म्हटले की जत्रेतला स्वस्त माल डोळ्यांपुढे येतो. प्लास्टिकने त्याचा धंदा बसवला, अशी आपल्या बाजारपेठेत समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. खेळून टाकून द्यायची वस्तू म्हणून लाकूड प्लास्टिकच्या दराला टिकत नाही. घरात जपून ठेवायची कला म्हणून मात्र ते आजही विकले जाते.

सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळे, भाज्या आणि भातुकली कोकणात आलेला प्रवासी आठवण म्हणून घेऊन जातो. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाकांवरचा लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात व बोजारा मिळवतात. सण संपला तरी बैल घरात राहतो. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याचे लाकूड लेथवर फिरवून त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. या कामात मुस्लिम कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

आता कायद्याची बाजू. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. मार्क सक्तीचा आहे. लहान कारागिराला तपासणीचा खर्च झेपणारा नाही. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालास सूट दिली. सूट नोंदणीला आहे, नुसत्या हुन्नराला नाही. हात कितीही सफाईदार असो, नोंद नसेल तर माल अडचणीत येऊ शकतो. असा माल दुकानात ठेवणाऱ्यानेही आधी नियम विचारून घ्यावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनविणारे, दोन्ही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. घरातील एकालाच लाभ मिळतो.

आम्ही कापडवाले एक गोष्ट रोज पाहतो. यंत्रमागाच्या साडीचा गिऱ्हाईक भाव पाडतो. येवल्याची हातमागाची पैठणी घेताना तो आधी ती खरी आहे का, हे विचारतो. लाकडी वस्तूचेही तसेच आहे. कोणी बनवली, लाकूड कोणते, रंग कोणता, हे चिठ्ठीवर लिहून द्या. भाव सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.

पोळा खानदेशातही मोठा सण आहे. जळगाव-धुळ्यात फर्निचरचे काम करणारे आपले अनेक बांधव आहेत. सागाचे उरलेले तुकडे जळणात घालण्याऐवजी त्यातून बैल, गाडी, भातुकली घडवता येईल. सुरुवात थोड्या मालाने करावी. पण पहिले काम नोंदणीचे. ते पोळ्याच्या तोंडावर नव्हे, आताच करावे.