फायनल इयरचं प्रोजेक्ट तुमच्या काउंटरवर चालेल का?

या आठवड्याच्या व्हिडिओत इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टवर बोललो, पण मालकीचा आणि कागदाचा भाग घाईत उरकावा लागला. तो इथे नीट मांडतो. तुमच्यापैकी काही जणांचं दुकान किंवा डेअरी आहे आणि स्वस्तात सॉफ्टवेअर हवंय. काही जण अजून कॉलेजात आहेत आणि लॅपटॉपवर केलेल्या कामातून धंदा उभा करायचाय. दोघांनीही वाचा, कारण व्यवहार तुमच्यातच होणार आहे.

आमचं पणदरे लहान गाव. पण शेजारी माळेगावात शिवनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज, पुढे बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं. त्यामुळे कोड लिहिणारं पोरगं शोधायला लांब जावं लागत नाही. प्रोजेक्ट बहुतेक ठरलेले असतात: हजेरीचं, लायब्ररीचं, पानाचा फोटो काढून रोग ओळखणारं. व्हायवा झाला, मार्क पडले, की ते एका फोल्डरमध्ये झोपतं. मला रस आहे तो मार्कांसाठी नसलेल्या, पोरांनी स्वतःच्या डोक्यानं केलेल्या प्रोजेक्टमध्ये. धंदा तिथून निघतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. क्विक हीलचे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर पुण्यात एका दुकानात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीला लागले, १९९० मध्ये स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. दुकानात दुरुस्तीला कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा एक गोष्ट दिसली: मशिन ठीक, पण फ्लॉपीतून व्हायरस शिरलेला. साफ करून दिलं तरी थोड्या दिवसांनी तेच मशिन परत हजर. मग संजय यांनी ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. १९९५च्या सुमारास त्यातून विकता येईल असा अँटिव्हायरस तयार झाला. किंमत ठेवली ७०० रुपये, परदेशी मालापेक्षा बरीच कमी. २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

लोक ही गोष्ट ‘गरिबीतून कोट्यधीश’ म्हणून सांगतात. सांगू देत. मला त्यात वेगळंच दिसतं. प्रोग्राम लिहिणारा एक आणि गिऱ्हाईक समोर घेऊन बसलेला दुसरा, आणि दोघं एकाच घरात. कुठला व्हायरस जास्त येतोय हे संजय यांना पुस्तकातून शोधावं लागलं नाही, ते दुकानात टेबलावर पडलेलं होतं. पोरांनो, तुमच्याकडे असं दुकान नसेल तर एक निवडा आणि पंधरा दिवस तिथे बसा. कोड नंतर.

बसल्यावर काय कळतं, ते दूध डेअरीवरून सांगतो. आपल्याकडे दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ लिहायचं, दरपत्रकावरून दर काढायचा, शेवटी उचल आणि पेंडीचे पैसे कापायचे. ऐकायला सोपं. प्रोजेक्ट म्हणून चार दिवसांत होईल.

आता समजा, एका शेतकऱ्याचं रोज १२ लिटर दूध. दर होता लिटरला ३४ रुपये आणि सहाव्या दिवशी तो ३२ झाला. बरोबर बिल असं: पहिले पाच दिवस ६० लिटरचे २,०४० आणि पुढचे पाच दिवस ६० लिटरचे १,९२०, एकूण ३,९६० रुपये. पण पोरानं प्रोग्राममध्ये दर एकाच ठिकाणी ठेवला असेल आणि बिल काढताना तोच लावला असेल, तर १२० लिटर गुणिले ३२, म्हणजे ३,८४० येतात. एका माणसाचे १२० रुपये कमी. एवढंच दूध घालणारे ८० जण असतील तर ९,६०० रुपयांचा फरक. आणि तो शेतकरी काही सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावत नाही, तो चारचौघांत तुम्हाला ‘लबाड’ म्हणतो आणि दूध दुसऱ्या डेअरीला घालतो.

उपाय साधा आहे: दूध घेतलं त्या वेळचा दर त्याच नोंदीबरोबर साठवायचा. मग उद्या दर काहीही होवो, जुनी नोंद हलत नाही. किराणा, खतं, हार्डवेअर, कुठल्याही बिलिंगला हाच नियम लागतो. मी बीबीए केलेला माणूस, मला कोडिंग येत नाही. तरी दुकानात कोणी सॉफ्टवेअर दाखवायला आलं की मी पहिल्यांदा एवढंच करतो: एक बिल बनवतो, मग मालाचा दर बदलतो आणि जुनं बिल पुन्हा उघडतो. आकडा बदलला तर चहा पाजून निरोप देतो. बाकीच्या गोष्टी पण असतातच. मध्येच लाईट गेली तर अर्धी नोंद कुठे जाते, मराठी नावं छोट्या थर्मल प्रिंटरवर नीट उमटतात का, कामावरच्या पोरानं चुकून बिल डिलीट केलं तर मालकाला कळतं का.

आता कागद. इथे फार लोकांचा गैरसमज आहे. ‘मी पैसे दिले, म्हणजे सॉफ्टवेअर माझं.’ तसं नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, कथा-कादंबरीसारखा. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लिहिणारा. तुमच्याकडे पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्यानं लिहिलं, तर वेगळा करार नसताना मालकी तुमची. पण बाहेरच्या विद्यार्थ्याला काम सांगून केलेला प्रोग्राम नुसत्या पैशानं तुमचा होत नाही. मालकी घ्यायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी घ्यावी लागते. त्यातही मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

माझं मत विचाराल तर मालकीच्या मागे लागूच नका. तुम्हाला डेअरी चालवायचीय, सॉफ्टवेअर विकायचं नाहीये. तुम्हाला तीन गोष्टी पुरतात: कायम वापरायचा हक्क, सोर्स कोडची एक प्रत, आणि उद्या दुसऱ्या कोणाकडून दुरुस्ती करून घ्यायची परवानगी. मालकी पोराकडे राहू द्या, म्हणजे तो तेच पुढच्या गावच्या डेअरीला विकेल आणि तुम्हाला स्वस्तात देईल. फक्त तुमच्या शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, दुधाचे आकडे हे सगळं तुमचं, ते त्यानं कुठेही न्यायचं नाही, हे मात्र लिहून घ्या.

पोरांनी एक बघायचं. कॉलेजची लॅब, कॉलेजचं अनुदान किंवा गाईडचा कोड वापरला असेल तर विकण्याआधी कॉलेजचा नियम विचारा. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर चौघांच्याही सह्या. व्हीएलसी प्लेअर सगळ्यांना माहीत आहे. तो पॅरिसच्या एकोल सांत्राल कॉलेजात १९९६ मध्ये सुरू झालेला विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट. तो सगळ्यांसाठी खुला करायला कॉलेजची परवानगी लागली आणि ती मिळून तो २००१ मध्ये खुला झाला. पुढे त्याच्या मुख्य भागाचं लायसन्स बदलायचं ठरलं, तेव्हा जगभर विखुरलेल्या शेकडो लोकांना गाठून प्रत्येकाचा होकार घ्यावा लागला. तुमचे तीन मित्र निदान अजून एकाच हॉस्टेलवर आहेत.

तसंच, आयता घेतलेला कोड कोणत्या लायसन्सचा आहे ते पाहा. एमआयटी लायसन्स असेल तर मूळ सूचना ठेवून विकता येतं. जीपीएल असेल तर ज्याला प्रोग्राम दिला, त्याला सोर्स कोडही द्यावा लागतो.

आता पोरगं नोकरीला लागतं तेव्हा काय? बहुतेकांचा नंबर कॅम्पसमध्ये लागतो आणि तो हिंजवडीला नाहीतर बेंगळुरूला जातो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्यानं जावंच. म्हणून वेबसाइटचं नाव आणि सर्व्हर पहिल्या दिवसापासून तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाईल नंबरवर घ्या. वर्षाचं भाडं तुमच्या खात्यातून जाऊ द्या. सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का ते स्वतः करून पाहा.

पैशाचं एकदाच सांगतो. ‘तुला अनुभव मिळेल’ म्हणून फुकट करून घेऊ नका, फुकटच्या कामाला रात्री नऊ वाजता फोन उचलायला कोणी बांधील नसतं. रक्कम तीन भागांत द्या. पहिला भाग काम ठरल्यावर, दुसरा सॉफ्टवेअर बसवल्यावर. मग लगेच वही बंद करायची नाही. तीन बिलं, म्हणजे एक महिना, वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवायचं आणि प्रत्येक बिलाला बेरीज ताडून बघायची. फरक आला तर तो पोरासमोर बसून शोधा, त्यालाही डेअरी तेव्हाच कळते. तिसरं बिल रुपयासकट जुळलं आणि तुमच्या माणसाला बॅकअप घेता यायला लागला, की शेवटचा भाग त्याच दिवशी देऊन टाका.