अंडंही हवं, रस्साही हवा!

चाकणची शिफ्ट नाहीतर हिंजवडीचं ट्रॅफिक, यातून घरी परतणाऱ्या आम्हा दिघीकरांकडे एक चैन अजून शिल्लक आहे. काही घरांमागे चक्क परसदार आहे! आणि परसदार म्हटलं की कोंबड्या आल्याच. पण कुठल्या?

दोन्ही डोंगरांवर हात?

दुकानातलं अंडं आणि दुकानातलं चिकन एकाच कोंबडीचं नसतं, बरं का! अंड्यांची लेयर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण तिच्या अंगावर मांस बेताचंच. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो, पण अंड्यांच्या नावानं बोंब. खाल्लेलं खाद्य एकतर अंड्यात जातं, नाहीतर अंगात. दोन्ही हवं असेल तर दोन्हीकडे थोडी तडजोड आलीच.

उमेदवार कोण कोण?

गिरिराज : बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेला. अंगापिंडानं दणकट, वर्षाला साधारण १३० ते १५० अंडी. रस्साप्रेमींनी इथूनच सुरुवात करावी.

वनराज : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा. परसात मोकळा सोडला तर १०० ते ११० अंडी, वजनही चांगलं.

ग्रामप्रिया : वनराजची हैदराबादी बहीण. १६० ते १८० अंडी, अंगानं हलकी. रोज ऑम्लेट लागणाऱ्यांसाठी.

कडकनाथ : झाबुआचा काळा हिरो, २०१८ मध्ये जीआय मिळालेला. भाव आणि रुबाब दोन्ही तगडे, अंडी मात्र कमी.

गावरान : अंडी थोडी, पण खुडूक बसून स्वतःच पिल्लं काढते. वरच्या सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे पिल्लं पुन्हा विकत आणायची.

खरी मेख इथे आहे

एक दिवसाची पिल्लं बहुतेक वेळा सरसकट मिळतात. दहा आणली तर साधारण निम्मे कोंबडे! अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही आणि पहाटे चारला त्याची बांग शेजाऱ्यांना लागते. म्हणजे 'दुहेरी' कोंबडीचा अर्थ सरळ आहे : चार-पाच महिन्यांनी कोंबडे कापायचे. माझ्या घरमालकीण काकू यावर म्हणाल्या, ''नावं ठेवायची नाहीत, म्हणजे हात थरथरत नाही.'' त्यांच्याकडे फेब्रुवारीत पिल्लं येतात आणि आखाडात कोंबडे संपतात. श्रावणात घरात फक्त तलंगा. ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी वाढवलेल्या तलंगाच घ्याव्यात आणि रश्शाचा विषय सोडून द्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

गणित मांडा

चार गिरिराज कोंबड्या म्हणजे आठवड्याला दहा-अकरा अंडी. दोघांच्या संसाराला भरपूर! खाद्य कोंबडीमागे रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला पंधरा किलोच्या आसपास.

आणण्याआधी

* राज्य सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र जवळच, खडकीत आहे. कुठली जात कधी मिळेल ते आधी विचारा.
* मानमोडीची लस चुकवू नका.
* रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा, खाली कोरडं तूस.
* महापालिकेचे नियम, सोसायटी आणि घरमालक, तिन्ही आधी तपासा.

आणि हो, जात निवडण्याआधी कोंबडा कोण कापणार, ते घरात ठरवून टाका!