एका नाण्यावर दोन राजे!

फोटो मोठा करून बघा. कमानींच्या टेकडीची मुद्रा आणि तिच्याखालची नागमोडी रेघ सातवाहनांची. पण तिच्या आडून एक नाक, एक डोळा डोकावतोय ना? तो क्षत्रप नहपान!

साधारण 2 ग्रॅमचं हे चांदीचं नाणं मुळात नहपानाचं. एका बाजूला त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसरीकडे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लेख. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला, पण नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपले ठसे मारले: पुढे टेकडी, मागे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या टोकांना चार वर्तुळं. ठसा जरा सरकला की खालचा राजा दिसतो. माझ्या मते आपल्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13 हजारांवर नाणी, त्यांतली 9 हजारांहून अधिक पुनर्मुद्रित. तरीही दोन्ही राजांची नावं स्पष्ट वाचता येतील असं नाणं क्वचितच दिसतं.

असं नाणं हाती आलंच तर कृपया घासून चकचकीत करू नका.